माझी लय आणि यांचा डावा हात

आमच्या घरात गायचं मी, तबला वाजवायचा यांनी, आणि लय पळाली की दोष यांचा. पस्तीस वर्षं ही वाटणी ठरलेली होती. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी गाता गाता मान वळवून यांच्याकडे असं बघायची, की शेवटच्या रांगेतल्या बायकांनाही कळावं चूक कुणाची आहे. घरी आल्यावर तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो वेगळाच. हे मुकाट्याने तबल्याला गवसणी घालायचे.

कंप्यूटरवर गाणं बसवायचं सॉफ्टवेअर सुनेने दहा वर्षांपूर्वीच घरी आणलं होतं. ती नोएडात नोकरी करते, तिला सगळं येतं, आणि दुसऱ्याला शिकवायची हौसही दांडगी. मी दरवेळी नाही म्हणायची. कारणांना तोटा नव्हता: गुडघे, चष्मा, उन्हाळा, दिवाळीनंतरचा धूर. धुराचा आणि माउसचा संबंध काय, हे सुनेने कधी विचारलं नाही. चांगल्या घरची आहे. चारचौघांत मी सांगायची, की संगीत गळ्यातून येतं, बटणांतून नाही. खरं म्हणजे त्या पडद्यापुढे आपण ढ ठरू याची मला भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. पुढे बोलू लागले, काठी घेऊन चालू लागले, उजवा हातही शाबूत होता. डावा मात्र उठेना, त्यामुळे त्या हाताने वाजवायचा डग्गा गेला. मंडळाने मोठ्या मनाने कळवलं, की काकांना आराम करू दे, यंदा आपण स्पीकरवर रेडीमेड ट्रॅक लावू. हे "बरंय, बरंय" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, बाई, उघड तुझं ते दुकान.

बेत साधा होता. डग्गा कंप्यूटर वाजवेल, उजवा तबला हे वाजवतील, आणि यंदाही हेच माझ्या साथीला बसतील. केरवा तालाच्या आठ मात्रा चौकटींत बसवायला मला आठ दिवस लागले. दोनदा सगळं पुसलं गेलं, एकदा तर मी माउस उलटा धरून त्याच्यावरच डाफरले. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी राखून ठेवली होती.

मग सुनेने कंप्यूटरवर लयीची टिकटिक लावली आणि मला एकटीला गायला बसवलं. पडद्यावर दर मात्रेला एक अशा उभ्या रेघा होत्या आणि माझा आवाज प्रत्येक रेघेच्या आधी हजर. अंतऱ्यापर्यंत तर रेघ कुठे नि मी कुठे. सवयीने तोंडातून गेलं, "यांना सांग, लय पळवू नका."

सून हळूच म्हणाली, "आई, बाबा खाली पार्कात आहेत."

तीन दिवस मी लॅपटॉपमध्ये खोट शोधली. चौथ्या दिवशी यांच्यासमोर जाऊन कबूल केलं, की इतकी वर्षं मीच पळत होते. हे म्हणाले, मला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत, असं मी जवळजवळ भांडूनच विचारलं. यांनी चहा मागितला.

पुढे रोज टिकटिकीबरोबर गाणं घासलं. गणपतीत हे बसले, शेजारी लॅपटॉप, आणि पहिली दोन कडवी अशी झाली की मला माझंच कौतुक वाटलं. तिसऱ्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि मी सुटले. कंप्यूटरचा डग्गा आपल्या जागी ढिम्म. यांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, त्याला सोडलं आणि एका हाताने माझ्यामागे आले. डग्गा मागून एकटाच घुमत राहिला. सभागृहात खसखस पिकली.

परतताना मेट्रोत मी शरमेने मान खाली घालून बसले होते. शेवटी राहवेना. म्हटलं, "अहो, तुम्ही तरी त्या डग्ग्याला धरून राहायचं."

हे म्हणाले, "त्याला कशाला धरू? तो कुठे हरवणार होता?"