बाबांचा खोकला

परवा चहाच्या टपरीवर कोळशाच्या शेगडीचा वास आला आणि मी थेट बेल्लमपल्लीच्या आमच्या क्वार्टरमध्ये पोचले. नव्वदीचे दिवस. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला होते. डॉक्टरांनी बापाला अनफिट ठरवलं की त्याची नोकरी मुलाला मिळायची. पण ही सोय आता बंद होणार, असं जो तो म्हणत होता. म्हणून तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आई बाबांना खोकायला शिकवत होती.

"असं नाई जी, पोटातून खोका!"

बाबा वाकून वाकून खोकले. दादा आणि मी हसून लोळलो.

"काऊन हासून राह्यले रे? नोकरीचं काम हाय हे," बाबा डोळे पुसत, हसतच म्हणाले.

दादाला नोकरी लागली. आता खोकायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी बाबा खोकतच राहिले.