त्यांच्या मशीनवर चालतं

"सरक."

सर, म्हणजे मला काम देणारे सीनियर प्रोग्रामर, एवढंच म्हणाले. मी खुर्चीवरून उठले. सर माझ्या खुर्चीत बसले, माझा माउस त्यांनी हातात घेतला आणि मी त्यांच्या मागं उभी राहिले, ओढणी सावरत. ऑफिसात रिकाम्या खुर्च्या होत्या. एखादी ओढून शेजारी बसावं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

स्क्रीनवर मी बनवलेला फॉर्म होता. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर ट्रक आला की त्याचा नंबर टाकायचा, वजन टाकायचं आणि 'सेव्ह'चं बटण दाबायचं. बटण होतं. दाबलं की जरा आत गेल्यासारखं दिसायचंही. पण व्हायचं काहीच नाही. सकाळपासून मी ते दाबत बसले होते.

सरांनी आधी मोबाइल काढला. माझ्या स्क्रीनचा फोटो घेतला आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आजचा शोध: न चालणारं बटण.' आजूबाजूच्या टेबलांवर मोबाइल वाजले. कुणी हसू दाबलं, कुणी दाबलंही नाही. मालकांनी केबिनमधून हसरा चेहरा पाठवला.

मग सरांची बोटं चालली. चटाचट. कुठली तरी यादी उघडली, काही तरी निवडलं, बंद केलं. बटण दाबलं. चाललं.

"कळलं?"

"हो सर."

काही कळलं नव्हतं.

"किती वेळा सांगायचं तुला?" असं म्हणत ते उठून गेले. मी बसले. खुर्ची गरम होती. किती वेळा सांगायचं! त्या माणसानं मला एकदाही काही सांगितलं नव्हतं. करून दाखवलंही नव्हतं. करून टाकलं होतं. आणि मी मान हलवली होती.

मी फर्दापूरची. लेणी बघायला येणाऱ्या गाड्या जिथं थांबतात, तिथं माझे वडील, आबा, चमकीचे दगड विकतात. आबा फॉरेनरशी बिनधास्त इंग्रजी बोलतात. चूक की बरोबर, त्यांना घेणंदेणं नसतं. आमची घरं गावाच्या कडेला आहेत आणि ती कडेलाच का आहेत, हे आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, मग शहरात येऊन कॉम्प्युटरची डिग्री केली. कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजात. तोही रांगेत उभं राहून, कारण मुलं जास्त आणि मशीनं कमी.

सरांच्या घरी ते शाळेत असल्यापासून कॉम्प्युटर. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांनी मात्र विचारलं. आधी आडनाव. मग गाव. मग "ॲडमिशन कशातून झालं होतं?" मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. त्या एका अच्छामध्ये माझे सगळे मार्क बुडाले.

मला ट्रेनी म्हणून घेतलं होतं. जमलं तर प्रोग्रामर म्हणून पक्की करणार होते. कारखान्यांच्या, दुकानांच्या कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम आमचं ऑफिस बनवतं. आपण लिहिलेलं काही तरी उघडावं, कुणी तरी त्यावर काम करावं, चिठ्ठी छापून बाहेर यावी, एवढं मला हवं होतं. त्याच्यासाठी मी घर सोडलं होतं. दुसरं काहीच नको होतं.

आता जे सांगते, ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो.

प्रोग्राम चालवताना काही बिघडलं की स्क्रीनवर एक खिडकी उघडते. काय बिघडलं, कुठल्या ओळीत बिघडलं, ते तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं. नवशिक्याला याच्याएवढा दुसरा आधार नाही. आणि मी काय करायची? खिडकी दिसली की बंद करायची. न वाचता. सरांच्या खुर्चीची चाकं वाजली की माझं बोट आपोआप फुलीवर जायचं. फोटो निघायच्या आत ती गेली पाहिजे. मग अंदाजानं एखादी ओळ बदलायची, पुन्हा चालवायचं, पुन्हा खिडकी, पुन्हा फुली. असे माझे दिवसच्या दिवस गेले. जे वाचायचं तेच मी लपवत होते. अंगावर कपडा नसल्यासारखी लपवत होते.

सर म्हणायचे, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही." मलाही ते पटायला लागलं होतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

पुंडलिकनगरात एका खोलीत मी आणि रेहाना राहतो. रेहाना पैठणची, नर्सिंगला आहे. एका रविवारी दुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर तोच ट्रकचा फॉर्म घेऊन बसले होते. खिडकी आली. मी बंद केली. पुन्हा आली. पुन्हा बंद केली.

"क्या बंद करायली गं सारखं?" रेहानानं विचारलं.

"काय नाय. एरर हाय."

"मग वाच ना."

"काय वाचायचं त्याच्यात? चुकलंय एवढंच असतं."

तिनं इस्त्री उभी केली. "अगं माय, पेशंट ओरडला तर आम्ही त्याचं तोंड दाबून धरतो का? कुठं दुखायलं ते इचारतो. पढ तो सही."

मी वाचलं. तिला ऐकू जाईल असं, अडखळत, बोट ठेवून. लिहिलेलं एवढंच होतं की, इथं आकडा पाहिजे आणि तुम्ही अक्षरं दिली आहेत. वजनाच्या चौकटीत मी चाचणीसाठी दर वेळी आकड्यापुढं 'टन' असं लिहीत होते. त्याला नुसता आकडा हवा होता. मी 'टन' खोडलं. चाललं.

"हुआ?" रेहाना म्हणाली आणि पुन्हा इस्त्रीला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला संताप आला. मग त्याच संतापात, ज्या बटणाचा सरांनी फोटो काढला होता ते आधी का चालत नव्हतं, हे मी फॉर्मची जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून शोधायला बसले. संध्याकाळ व्हायच्या आत सापडलं. कोड लिहिला म्हणजे बटणाला तो आपोआप कळत नाही. कुठल्या बटणानं कुठला कोड चालवायचा, ते जोडून द्यावं लागतं. मी कोड दुसऱ्या फॉर्ममधून उचलून आणला होता आणि जोडलाच नव्हता. बस. एका वाक्याची गोष्ट. ते एक वाक्य सरांनी मला दिलं नाही. हसायला वेळ होता, फोटो काढायला वेळ होता, एका वाक्याला नव्हता.

आमच्या मागच्या पिढ्यांच्या कानावर अक्षर पडू देत नव्हते. मला अक्षर समोर आणून ठेवतात, वर पगार देतात, आणि ते वाचायचीच लाज वाटेल अशी तजवीज करतात. परिणाम तोच. मी मठ्ठ नव्हते. मला मठ्ठ करून ठेवलं जात होतं आणि त्या कामात मी स्वतः हातभार लावत होते.

सोमवारी सरांनी एक जुना प्रोग्राम माझ्या मशीनवर टाकला. "हा चालव आणि त्याचा रिपोर्ट नीट कर," म्हणाले. मी चालवला. खिडकी उघडली. मागं खुर्चीची चाकं वाजली. माझं बोट फुलीवर गेलं. मी ते उचललं आणि हात मांडीवर घेतला.

"सरक."

"नाही सर. मी बसते. तुम्ही सांगा, मी करते."

"काय?"

मी वाचायला लागले. मोठ्यानं.

"कुड नॉट फाइंड फाइल. डी. सेटिंग्ज."

कोपऱ्यातून कुणी तरी माझ्यासारखाच आवाज काढून म्हणालं, "कूऽड नॉऽट." हशा झाला. आवाज कापत होता, तो मला थांबवता येत नव्हता. मी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा मोठ्यानं, आणि शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"सर, प्रोग्राम डी ड्राइव्हवर एक फाइल शोधतोय. माझ्या मशीनला डी ड्राइव्हच नाही. तुम्ही त्याच्यात तुमच्या मशीनवरचा पत्ता टाकलाय."

"माझ्याकडे चालतंय."

"तुमच्याकडे चालणारच. कारखान्यात कसं चालेल?"

"मग डी ड्राइव्ह बनव ना तुझ्या मशीनवर! तेवढंही येत नाही? कशाला आणून बसवतात अशांना!"

"अशांना म्हणजे कुणाला, सर?"

आता कुणी हसलं नाही. सर म्हणाले, "विषय वाढवू नकोस," आणि मोबाइल वर केला.

"काढा," मी म्हणाले. "पण माझं तोंडही येऊ द्या त्याच्यात. आणि खाली उत्तर लिहा. रोज नुसतं हसू टाकता. आज उत्तर टाका."

वाटलं होतं, ते मोबाइल खाली ठेवतील. नाही ठेवला. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मॅडम रागावल्या.' हसरे चेहरे आले. नेहमीपेक्षा थोडे कमी, पण आले. ज्यांच्यासोबत मी रोज डबा खाते त्यांचेही आले. मी त्या पत्त्याची ओळ शोधून बदलली, प्रोग्राम जिथं असेल तिथंच फाइल शोधेल असं केलं आणि पुढच्या कामाला लागले.

दुपारी मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस गोड आहे. कधी आवाज चढवत नाही.

"हे बघ बेटा," म्हणाले, "प्रोग्रामिंग सगळ्यांनाच जमत नाही. त्यात कमीपणा नाही. तुझा आवाज छान आहे, मराठी-हिंदी दोन्ही येतं. पुढच्या आठवड्यापासून तू ग्राहकांचे फोन घे. वेगळं टेबल देतो. कुणाचा त्रास नाही."

दया दाखवत होते. सरांच्या फोटोपेक्षा ही दया मला जास्त लागली. फोटोत निदान माझा कोड तरी असायचा.

मी म्हणाले, "मी प्रोग्रामर व्हायला आलेय, सर. मी त्याच टेबलावर बसणार. जमत नसेल तर काय जमत नाही ते लिहून द्या, आणि मग काढा."

"लिहून? तू मला कायदा शिकवतेस?"

"नाही. मला माझी चूक वाचायचीय."

ते म्हणाले, "जा, बघू."

संध्याकाळी आबांना फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आबा म्हणाले, "घे की बाई फोनचं काम. एसीत बसायचं, वाईट काय हाय त्याच्यात? मोठ्या माणसांशी लागू नये. ते काय आपल्याला शिकवणारेत व्हय?"

"नाय आबा. ते नायच शिकवणार."

"मग?"

"मग मी शिकणार. पण फोनच्या टेबलावर बसून नाय."

दिवसभर उन्हात उभं राहून, 'नो नो' म्हणणाऱ्या माणसांच्या मागं चार पावलं चालत जाणारा माझा बाप. त्याला वाटतं, पोरीला सावलीत बसायला मिळालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं. त्याच्यावर मला रागावता येत नाही. पण त्याचं ऐकताही येत नाही. "बघ मग तुझं तू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. आमच्यात असं पहिल्यांदाच झालं. रेहानानं चहा पुढं केला, तो मी घेतला नाही.

पुढचा आठवडा आला. मी माझ्याच टेबलावर बसले. कुणी उठवलं नाही आणि कुणी बोललंही नाही. मालकांनी अजून काहीही लिहून दिलेलं नाही. सर काम ईमेलनं पाठवतात, दोन शब्दांत, काय हवं ते धड कळणार नाही अशा बेतानं. मग मी पुन्हा ईमेल करून विचारते. तिसऱ्यांदाही विचारते. त्यांना त्याचा वैताग येतो. येऊ द्या.

चुका माझ्या होतात. रोज होतात, ढिगानं होतात. कालच एक मोठा हिशेब चालू असताना अख्खा प्रोग्राम गोठून बसला आणि का गोठला, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडेल. मला पक्की करतील असं वाटत नाही. मुदत संपली की गोड बोलून काढतील, आणि मी पुन्हा अर्ज करत फिरेन. नव्या ठिकाणीही आधी आडनाव विचारतील. सांगेन. खणखणीत सांगेन. मग मी विचारेन, तुमच्याकडं माणूस चुकला की त्याला चूक सांगता, का त्याच्यावर हसता? उत्तर ऐकल्याशिवाय खुर्चीत बसणार नाही.

आणि हे काम मी सोडणार नाही. ते माझ्या हातानं करीन. समोर येईल ती चूक माझ्या फर्दापुरी उच्चारात, भरल्या ऑफिसात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचीन. ज्याला हसायचंय त्यानं पोटभर हसावं. माझं वाचून होईपर्यंत मी थांबणार नाही.