यॉट म्हणजे बोटच ना?

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझा धाकटा भाऊ संतोष दुबईला एका यॉटवर स्वयंपाकी होता. मागच्या महिन्यात तिथंच हार्ट अटॅकनं गेला. देह गावी आणून माती दिली. आज त्याची बॅग पडेगावला घरी पोचली.

बॅगेत कपडे, आईनं दिलेला मसाल्याचा डबा आणि एक फोटो निघाला. मागं पांढरीशुभ्र यॉट आणि पुढं ॲप्रन घालून हसणारा संतोष.

आमच्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर मेंढरं राखली, समुद्र कधी पाहिला नाही. फोटो हातात धरून त्यांनी विचारलं, “शोभा, यॉट म्हंजी बोटच ना?”

“बोटच आबा. पण साधी बोट माणसं, माल न्यायला नाहीतर मासे धरायला असती. यॉट श्रीमंतांच्या हौसेची. आत झोपायच्या खोल्या, बैठक, समदं असतंय.”

“मंग आपल्या संत्याला बी असंल की खोली?”

संतोष तिघांबरोबर तळाच्या बिनखिडकीच्या खोलीत झोपायचा. इंजिनच्या आवाजानं झोप येत नाही, असं मला फोनवर सांगायचा. आबांना सांगू नको म्हणायचा.

“व्हय आबा,” मी म्हणाले. “मोठी खिडकी होती. पडल्या पडल्या समुद्र दिसायचा त्याला.”

“बरं झालं. पोरगं सुखात व्हतं,” आबा म्हणाले. माती देतानाही न रडलेला माझा बाप मग फोटो छातीशी धरून लई रडला.

मी बापाशी खोटं बोलले. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?