छातीएवढ्या पाण्यात

दुपारचा डबा खाऊन प्रमिला वालावलकर समोरच्या फायलीवर गाल टेकते, फक्त पाच मिनिटं. नौदलाच्या इस्पितळातल्या रेकॉर्ड विभागात तिचं काम एकच: डॉक्टरांनी लिहिलेल्या जखमेला आणि जखमेच्या कारणाला ठरलेला कोड द्यायचा. अठरा वर्षांत तिने कुणावर भरवसा ठेवलेला नाही, डॉक्टरांच्या अक्षरावर तर नाहीच नाही. फाईल रोहिदास तारीची. वय चोवीस, बोट युद्धात बुडाली, तिसऱ्या दिवशी पोरगा इथेच दगावला. कारणाच्या रकान्यात तिने सकाळीच कोड टाकलाय: बोटीवरून पाण्यात पडून अपघात. चारला फाईल बंद होणार.

पंख्याचा आवाज लांब लांब जातो. समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय. कपडे निथळताहेत, फरशी मात्र कोरडी. प्रमिलाला हे मुळीच पटत नाही.

"कोण तुम्ही? पास कुठाय?"

"तारी. तुमच्या गालाखाली आसंय."

तिची जीभ सवयीने चालते. "कोड बदलून हवाय ना? कुणी पाठवलं?"

"माका कोण धाडतलो? गावात म्हणतत, रोहिदास घाबारलो नि उडी मारल्यान. आवस घराभायर पडना नाय."

"आईला सांगा, मी अपघात लिहिलंय. घाबरला असं कुठे लिहिलंय?"

"गावाक ता एकच. बोट बुडाल्यार पाण्याखाली स्फोट झालो, ता लिवा."

"हे बघा, अंगावर ओरखडा नाही. स्फोट म्हणू कशावरून?"

"पाण्यातलो स्फोट कातडी फाडना नाय, बाई. आतडी फाडता."

पढवून पाठवलेला दिसतोय, असं मनात म्हणत ती रिपोर्ट काढायला खण ओढते. खणात पाणी आहे. कपाटं समुद्रात उभी आहेत, आणि ती स्वतः छातीएवढ्या पाण्यात पाय मारतेय. आजूबाजूला खलाशी पाठीवर तरंगताहेत.

"हे सगळे असे का?"

"तसाच शिकवलेला. पोट वर ऱ्हवला तर माणूस वाचता."

"मग तू का उभा?" तिच्या तोंडून 'तू' निघून जातं.

रोहिदासच्या काखेत एक माणूस आहे, डोळे मिटलेला. "शुद्ध नाय ह्येका. तोंड पाण्याभायर धरूक नको?"

"याला पुरावा?"

"नर्सबाईन लिवलेला आसा. वाचलात?"

वाचलेलं नाही. नर्सच्या नोंदीवरून कोड द्यायचा नाही, हा विभागाचा नियम. त्या नियमाच्या आडोशाने तिने ते पान उलटलंही नव्हतं. प्रमिलाला आता स्वतःचीच लाज वाटते.

"जरा धरा ह्येका."

ती दोन्ही हातांनी धरते. माणूस चांगलाच जड आहे. "किती वेळ?" ती विचारते. रोहिदास कुठेच नाही. खालून, पायांखालून, काहीतरी दणकतं.

"वालावलकरबाई, तारीची फाईल झाली?" विभागप्रमुख ओकसाहेब दारात उभे.

ती फायलीवरून गाल उचलते. नर्सचं पान काढते. अंगावर जळक्या तेलाचा काळा थर, छातीपासून खाली. तोंड, डोकं स्वच्छ. म्हणजे पोरगा पाण्यात उभाच होता. शेजारी सर्जनची ओळ: फुप्फुसं ठीक, आतडी चार ठिकाणी फाटलेली. नुसतं पाण्यात पडून कुणाची आतडी फाटतात?

"बाई, नर्सच्या नोंदीवर कोड बसत नाही, ठाऊक आहे ना?"

"कोड नाही देत. सर्जनसाहेबांना विचारतेय." ती कागद ओढून लिहिते: आतडी कशाने फाटली, हे कृपया स्पष्ट लिहून द्यावे.

पेन सारखं सटकतंय. ती बोटं बघते. दहाच्या दहा बोटं पांढरी पडलीत, सुरकुतलीत, दिवसभर धुणं धुतल्यासारखी. खोलीत पाण्याचा तांब्यासुद्धा नाही. ती साहेबांकडे संशयाने बघते, मग पुन्हा बोटांकडे.

आणि त्याच बोटांनी सकाळचा कोड खोडते.