देवापाशी गाऱ्हाणं

जवळा बाजार या गावात आमचं ख्रिस्ती घर एकटंच होतं. बाबा शाळेत शिक्षक होते. रविवारी ओसरीवर उपासना घ्यायचे, तेव्हा आसपासच्या खेड्यांतून आठ-दहा माणसं यायची. रोजची उपासना मात्र आमच्या चौघांचीच. सकाळी शाळेआधी, सतरंजीवर: एक गीत, बायबलचा एक अध्याय, प्रार्थना. इंग्लंडातल्या जुन्या प्युरिटन उपदेशकांची शिकवण बाबांनी बायबल शाळेत ऐकली होती. घर हीच लहान मंडळी, म्हणजे घर हेच छोटं चर्च, असं ते सांगायचे. आणि समाधान माणूस जन्मताना घेऊन येत नाही, ते संकटात शिकावं लागतं, हेही.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. गीताचा सूर तीच धरायची. नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात तिला ताप आला. चौथ्या दिवशी ती आम्हाला ओळखेना. जीपमधून नांदेडला नेताना, वसमतच्या पुढे, आईच्या मांडीवरच गेली. सोळा वर्षांची होती.

गावात आमची दफनभूमी नव्हती. शेजारच्या मेंढ्या पाळणाऱ्या काकांनी आपल्या माळाचा कोपरा दिला. "लेकरू आमच्याबी अंगाखांद्यावर खेळलं गुरुजी, इचारता काहून?" एवढंच म्हणाले, आणि स्वतः कुदळ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सतरंजी अंथरली. डोळे कोरडे, आवाज नेहमीचा. आई चुलीपुढून उठली नाही. महिनाभर असंच चाललं. मी आणि बाबा दोघंच बसायचो, गीत मध्येच तुटायचं. एके सकाळी बाबा प्रार्थनेत देवाचे आभार मानू लागले आणि आई आतून ओरडली, "कशाचे आभार मानून राहिले तुमी? पोरगी गेली, तुमच्या डोळ्यात पानी न्हाई. ह्येच समाधान व्हय?"

बाबा थांबले.

"न्हाई," ते म्हणाले. "मी चुकलो. देवावर कुरकुर करू नये, पण देवापाशी गाऱ्हाणं जरूर करावं, असं शिकवलं होतं मला. मी नुसता गप्प बसलो अन् त्यालाच समाधान समजलो."

आणि ते माझ्यासमोर मोठ्यानं रडले. "देवा, माझी पोरगी," एवढीच त्या दिवशीची प्रार्थना झाली. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि सतरंजीच्या कडेला बसली.

तिथून ती रोज बसू लागली. गायला मात्र दोन वर्षं गेली.

पुढे, दोन हजार सालानंतर, बाबांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. तेव्हा अध्याय मी वाचायचे आणि प्रार्थना आई करायची. तिच्या प्रार्थनेत निम्मं गाऱ्हाणंच असायचं: ताईचं, स्वतःच्या गुडघ्यांचं, बाबांच्या न हलणाऱ्या हाताचं. सगळं सांगून झालं की म्हणायची, "तरी तू हायेस." बाबा ओठ हलवून आमेन म्हणायचा प्रयत्न करायचे. मी त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसायचे. आईचे ते तीन शब्द तिच्यासारखे मला आजही म्हणता येत नाहीत.