कंपनीवाले घर बघायला आले तेव्हा

मला बघायला पाहुणे येणार अशी बातमी आमच्या गल्लीत दोन दिवस आधीच पसरली होती. पाहुणे येणार होते हे खरं, पण ते मला नाही, आमचं घर बघायला. मी मायनिंग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. एक खाण कंपनी गरजू विद्यार्थ्यांची उरलेल्या वर्षांची फी भरते असं कळलं, म्हणून अर्ज केला आणि यादीत नाव लागलं. आता कंपनीचं माणूस आमच्या गावी, डोणगावला येऊन घरची परिस्थिती पाहणार आणि मग काय ते ठरणार होतं. पहिलं वर्ष मामांनी निभावून दिलं होतं. दुसऱ्याला त्यांनी हात जोडले. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर माझं कॉलेज तिथंच संपणार होतं.

बाबा अडत्याच्या दुकानात मापारी. सोयाबीनची, तुरीची पोती काट्यावर चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. घर आहे तसंच राहू द्या, असं मी फोनवर तीनदा बजावलं होतं. पण घर बघायला माणसं येणार म्हटल्यावर आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो आणि त्याची तयारीही ठरलेली असते. एसटीतून उतरून घरी आले तर पुढच्या खोलीत शेजारच्या काकूंचा सोफा, त्यावर त्यांनीच विणलेली कव्हरं, शाळेतल्या मॅडमकडच्या काचेच्या कपबश्या आणि ऐन थंडीत कोपऱ्यात एक भलामोठा कूलर.

"आई, काऊन आणलं व हे सारं?"

"अवं, एवढी मोठी माणसं येऊन राह्यली. त्यायले का चटईवर बसवू?"

"त्यायले गरिबीच पाहाची हाये!"

"गरिबी का दाखवाची चीज हाये?" बाबा म्हणाले आणि सोफ्यावरची धूळ झटकायला लागले.

माझा संताप संताप झाला. पण सोफा परत पाठवला असता तर काकू रुसल्या असत्या, आणि बाबा ऐकायलाच तयार नव्हते.

सकाळी कंपनीच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. आल्या आल्या त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, तशी आई त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. येऊन सोफ्यावर बसल्या. दुसऱ्या टोकाला बाबा, मामांचा इस्त्रीचा शर्ट घालून, सोफा मळेल या धास्तीने अवघडून बसलेले. दारात काकू आणि गल्लीतल्या चार बायका. आईने पोहे आणले.

"घरातल्या वस्तू लिहाव्या लागतात," बाई म्हणाल्या. "सोफा तुमचाच?"

बाबांनी दाराकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. "हो जी. आपलाच हाये."

"आणि कूलर?"

"तोही आपलाच."

बाईंचं पेन कागदावर टेकलं आणि माझा तोल गेला. "खोटं बोलून राह्यले ते," मी म्हणाले. "सोफा ह्या काकूंचा हाये. कूलर मांगून आणला. कपबश्या मॅडमच्या. यायच्या अंगातला शर्टसुद्धा मामाचा हाये."

मी मोठ्याने बोलले होते. बायकांमधली एक फिस्सकन हसली. बाबा सोफ्यावरून उठले आणि भिंतीला लागून, हात पुढे बांधून उभे राहिले. अडत्यासमोर ते असेच उभे राहतात हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. स्वतःच्या घरात तसं उभं राहताना मात्र पहिल्यांदाच पाहिलं. बाईंनी "बसा ना" म्हटलं तरी बसले नाहीत.

मी बाईंना गाडीपर्यंत पोहोचवायला गेले. खरं बोलले म्हणून त्या शाबासकी देतील असं मला वाटत होतं, हे सांगायलाही आज लाज वाटते.

"इतकं बोलायची गरज नव्हती," त्या म्हणाल्या. "मी हात धुवायला मागे जाते ती उगाच नाही. तुमची न्हाणी पाहिली, चूल पाहिली. सोफा तर बहुतेक घरी शेजारचाच असतो. वडील काय म्हणतात ते मी लिहितच नाही."

शिष्यवृत्ती मिळाली. ती माझ्या सडेतोडपणामुळे मिळाली असती तर निदान मनाची समजूत घालता आली असती. बाबांचा चारचौघांत केलेला पाणउतारा फुकट होता, त्यातून कुणाचं काही भलं झालं नाही. खरं बोलणं आणि माणसाची इज्जत काढणं यांतला फरक मला कळत नव्हता असंही नाही. मला राग आला होता, एवढंच खरं. मी त्यांची माफीही मागितलेली नाही. दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा त्यांनी "जाऊ दे ना माय" म्हणून तो मोडून काढला.

आता मी कोळसा खाणीत नोकरीला आहे आणि आईबाबा क्वार्टरमध्ये माझ्याकडे असतात. कुणी घरी आलं की टेकायच्या आत बाबा सांगून टाकतात, "हे सारं पोरीचं हाये साहेब, आपलं काहीच नाही." लोकांना तो मोठेपणा वाटतो. मी त्यांना एकदा चिडून विचारलं, आल्यागेल्याला हे काऊन सांगता. ते जरा घाबरलेच. म्हणाले, "आपण पह्यलेच सांगतलेलं बरं. मंग तुले सांगाचं काम पडत नाही."