दगडाचं नाव

आमच्या घरात बाळ जन्मलं की नाव ठेवायचं काम माझ्याकडं येतं. आत्याचा मान, असं म्हणतात. मान कसला, पाळीच असते ती. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, मागून बायकांचे धपाधप बुक्के खायचे आणि वर “हे काय नाव काढलंस” हेही आपणच ऐकायचं. भावाला एकच मुलगा, त्या मुलाला बहीण नाही, म्हणून त्याला बाळ झालं तेव्हाही ही पाळी माझ्यावरच आली. तेही सत्तरी उलटल्यावर. पाळण्यापर्यंत वाकायचं म्हटलं की गुडघेच आधी नाही म्हणतात.

खरं तर नावांचा मला कंटाळा आला होता. छावणीजवळच्या एका शाळेत मी सारा जन्म शिकवलं आणि रोज सकाळी हजेरी घेतली. हजेरी घेता घेता नावांच्या किती फॅशनी आल्या आणि गेल्या. सुरुवातीला वर्गात हिरा, माणिक, मोती, रत्ना अशी पोरं असायची. मुसलमानांच्या घरातून फिरोजा, गौहर, याकूत यायचे. छावणीतल्या ख्रिस्ती घरातली एखादी रुबी, एखादी पर्ल. पुढं नीलमचं पीक आलं. हिराला पाढे येत नसत, मोती दप्तर विसरून यायचा आणि याकूतच्या नाकाला बारमाही शेंबूड. रत्नांचं माझं कौतुक तिथंच संपलं.

तरीही भावाच्या मुलाचं नाव मी रत्नाचंच ठेवलं होतं. त्याला कारण माझं स्वतःचं नाव.

माझं नाव दगडाचं आहे. दगडू, धोंडू, धोंडाबाई या गोतातलं. नेमकं कोणतं ते इथं लिहीत नाही. आयुष्यभर लिहिलं तेवढं पुरे झालं. पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा देवगाव रंगारीला माझा जन्म झाला. माझ्याआधी आईचे दोन मुलगे गेले होते, दोन्ही पाळण्यातलेच. दोघांची नावं म्हणे फार हौसेनं ठेवली होती. तिसऱ्या खेपेला मी आले, तेव्हा आईनं कुणालाच नाव शोधू दिलं नाही. आमच्याकडं पोरं जगत नसली की असंच करतात. मरणाच्या नजरेत भरू नये म्हणून पोराला टाकाऊ वस्तूचं नाव देतात. शेजारणीनं मला सुपात घालून उकिरड्यापर्यंत नेलं, आईनं मूठभर कोंडा देऊन मला परत विकत घेतलं आणि दगडाचं नाव ठेवून दिलं. मी जगले. माझ्यामागून झालेल्या भावाला सरळ देवाचं नाव मिळालं, कारण तोवर आईची भीती जरा कमी झाली होती.

नाव जगवत असेलही, पण ते घेऊन शाळेत जावं लागतं. मी दिसले की पोरं ठेच लागल्याचं सोंग करून लंगडत चालायची. गुरुजीसुद्धा हसायचे. मी घरी येऊन आईवर चिडायचे. आई भाकरी थापत असायची. मान वर न करता म्हणायची, “हासू दे हासणाऱ्याला. हायेस ना तू? मग झालं.”

मला लग्नाची घाई होती ती एकाच कारणानं. लग्नात नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि त्यात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. सासर कन्नडचं, नवरा औरंगाबादला एसटीच्या वर्कशॉपमध्ये. नणंदेनं मला आधीच सांगून ठेवलं होतं की तुझं नाव नीलम ठरलंय. लग्नापर्यंत मी शेतात, ओढ्यावर, जिथं कुणी नसेल तिथं ते नाव स्वतःला लावून बघत होते. माझ्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

ताट आलं. नवऱ्यानं अंगठी काढली, पहिलं अक्षर लिहिलंही. तेवढ्यात आई गर्दीतून पुढं आली आणि भर मांडवात तिनं माझ्या सासूचे पाय धरले.

“इहीणबाई, दुसरं काय बी करा, पर तिचं नाव तेवढं बदलू नका. त्या नावावर जगलीय ती. लई कष्टानं जगलीय.”

मागं कुणीतरी हसलं. सासू भली बाई, तिनं आईला उठवलं आणि मुलाकडं बघून मान हलवली. नवऱ्यानं तळहातानं तांदूळ सारखे केले आणि दगडाचं नाव लिहिलं. मी हमसून हमसून रडले. पोर माहेर सोडताना रडते आहे असं समजून बायका माझी समजूत घालत राहिल्या. पुढं ज्या शहरात राहायला आले त्या शहराचंसुद्धा नाव बदललं, माझं मात्र होतं तेच राहिलं.

तो राग मी पुष्कळ वर्षं बाळगला. भावाला मुलगा झाला तेव्हा हट्टानं त्याला रत्नाचं नाव दिलं. आमच्या घरातून दगड एकदाचा गेला, असं मनाशी म्हणाले. आईनं ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. ती नातवाला शेवटपर्यंत ‘काळ्या’ म्हणाली. पोरगं होतं चांगलं गोरं. मला वाटायचं, म्हातारी हेकेखोर आहे.

आई गेली आणि माझं नाव घेणारं कुणी उरलं नाही. शाळेत मी ‘बाई’ होते. नवरा ‘अगं’ म्हणायचा. भाऊ अक्का म्हणतो, भाचा आत्या. पेन्शनच्या कागदावर तेवढं ते नाव राहिलं, पण बँकेतही आडनावानंच पुकारतात. सुटले बाई, असंच मला वाटलं. नवरा गेल्यावर भाचा मला आपल्या घरी घेऊन आला. तिथंही मी आत्याच.

भाच्याच्या बायकोची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं पोटातच गेलं. दुसरा मुलगा जन्मला, पण आठवडाभरच राहिला. बारशापर्यंतही पोचला नाही. तिसऱ्या खेपेला सातव्याच महिन्यात मुलगी झाली. एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीवर चिठ्ठी लावली होती, ‘बेबी ऑफ’ आणि पुढं सुनेचं नाव.

भाचा घाबरला की काहीतरी काम काढतो. त्यानं मोबाईलवर रत्नांची नावं शोधायला घेतली. दवाखान्यातल्या बाकड्यावर माझ्याशेजारी बसून तो एकेक वाचून दाखवायचा. मौक्तिका. पन्ना. माणिक्या. पत्रिका मांडून गुरुजींनी ‘व’ अक्षर काढून दिल्यावर तो वैडूर्यापाशी येऊन थांबला.

“वैडूर्या. भारी आहे ना, आत्या? कुणाचंच नसेल.”

“वैडूर्य म्हणजे लसण्या,” मी म्हणाले. “सराफ्यात जाऊन विचार. पोरीला लसणी म्हणतील.”

“आता कुणाला माहितीये लसण्या?”

तेही खरंच होतं. वाद घालायचं त्राण मला नव्हतं. ठेवा वैडूर्या, म्हटलं. त्या बाकड्यावर बसलं की कंबर धरायची आणि उभं राहिलं की गुडघे. दिवसभर माझ्या डोक्यात दोनच गोष्टी असायच्या, माझी कंबर आणि आतली ती पेटी.

सून मात्र एकाही नावावर बोलायची नाही. एका दुपारी भाचा औषधं आणायला गेला होता. मी थर्मासमधला चहा ओतून तिला दिला. कपाकडं बघत ती म्हणाली, “आत्या, चांगलं नाव ऐकलं की मला भीतीच वाटते. त्याच्या वेळी मी डोहाळजेवणातच नाव ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नाय.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “तुमचं नाव असं कसं ठेवलं हो?”

एवढ्या वर्षांत भाच्यानंसुद्धा मला हे विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. सूप, कोंडा, मांडवात धरलेले पाय. चहा तिच्या हातातच निवून गेला.

“मग हिचं तेच ठेवा,” ती म्हणाली.

मी उसळलेच. “वेड लागलंय का तुला? शिकलीसवरलेली तू. नावानं कुणी जगत असतं का? त्या दोघांना ताप आला, मला आला नाही, एवढंच झालं.”

“व्हय. मला बी कळतं ते. तरी ठेवा.”

“ते नाव मी कुणाच्या लेकराच्या कानात सांगायची नाही. मी काढलाय जन्म त्याच्यावर. पोरं कशी लंगडत चालतात ते मला विचार.”

“चालू द्या की लंगडत,” ती म्हणाली. “शाळेत जाण्याएवढी तरी होऊ द्या.”

कप विसळायच्या निमित्तानं मी उठून गेले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पोरीचा श्वास मध्येच थांबायचा, पेटीजवळचं यंत्र वाजायला लागायचं, सिस्टर धावायच्या. डॉक्टर म्हणायचे, आज काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणायचे. बाराव्या दिवशी आमच्याकडं बारसं करतात. तो दिवस आम्ही बाकड्यावरच काढला. भाच्यानं मोबाईल खिशातून काढणंच बंद केलं. घरून आलेला डबा उघडायचा, बघायचा आणि तसाच बंद करायचा. इतकी दमणूक मी आयुष्यात पाहिली नव्हती. झोप डोळ्यांवर असायची आणि झोपायची हिंमत व्हायची नाही.

तिथं बसल्या बसल्या मला आई दिसायला लागली. मी कधीच न पाहिलेली आई, विशी-बाविशीतली, दुसरं लेकरू पुरून घरी आलेली. अशी बाई तिसऱ्याच्या नावात काय हौस करणार? आई हेकेखोर आहे असं मला जन्मभर वाटत आलं. आता वाटलं, ती नुसती दमून गेली असणार. मला तिची फार माया आली आणि ते सांगायला आई नव्हती.

मग एका दुपारी सिस्टरनं मला आत जाऊ दिलं. चपला बाहेर काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, तिथला हिरवा झगा चढवला आणि मी दारात पोचले. सून पाठमोरी होती. पेटीला हात घालायला गोल खिडकी असते, त्यातून हात आत घालून ती एका बोटानं पोरीचा तळपाय चोळत होती. तोंड काचेजवळ नेऊन हळू आवाजात तिला हाक मारत होती. माझ्या नावानं. थांबायची, बघायची, पुन्हा हाक मारायची. दिवेलागणीला आई अंगणात उभी राहून मला हाक मारायची, शेवटचं अक्षर लांबवत, अगदी तशी.

“ओ,” मी म्हणाले.

आपोआपच गेलं तोंडातून. सून दचकून वळली. मला रडू आवरेना. सिस्टर म्हणाल्या, “आजी, इथं रडायचं नाय. बाहेर चला बरं.” मी बाहेर आले आणि बाकड्यावर बसून पोटभर रडले. भाचा घाबरून उभाच राहिला. त्याला वाटलं, पोरगी गेली.

पोरगी गेली नाही. हळूहळू, एकेक घोट दूध पचवत ती त्या पेटीतून बाहेर आली. बारसं खूप उशिरा झालं. भाच्यानं भिंतीवर फुगे लावून वैडूर्या अशी सोनेरी अक्षरं चिकटवली होती. मला वाकता येईना, म्हणून पाळण्याशी खुर्ची मांडली. मी पोरीच्या कानात दोन्ही नावं सांगितली, आधी दगडाचं, मग लसण्याचं. पाठीत बुक्के पडले. ते मात्र बायकांनी वयाकडं बघून जपून मारले.

आता ती बालवाडीत जाते. शाळेत ती वैडूर्या आहे. घरात तिची आई तिला माझ्याच नावानं बोलावते. स्वयंपाकघरातून हाक येते. ती माझ्यासाठी नसते, मला पक्कं माहीत असतं. तरी “ओ” माझ्याही तोंडून जाते. मी खाटेवरून पाय खाली सोडेपर्यंत पोरगी माझ्या दारासमोरून धाडधाड पळत गेलेली असते. मग मी पाय पुन्हा वर घेते.